खूण सापडली, पुढे काय?

(कोपर, डोंबिवली येथील व्याख्यानमालेत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या स्मृतीस अर्पण केलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याच परिसरातल्या. कल्याणच्या घरातली ही माहेरची यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. चौदाव्या वर्षी ती आई झाली आणि तिचे बाळ दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून तिने डॉक्टर व्हायचे ठरवले. १८८६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने घेतली. प्रबंधाचा विषय निवडला तोही प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात तिची नेमणूक झाली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने ती गेली. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आनंदीबाई समुद्र ओलांडून गेल्या १८८३ साली. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. म्हणजे ज्या रोगाने त्या गेल्या, त्याची खूण तेव्हा विज्ञानाच्या हाती आली होती. औषध मात्र नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी साठ वर्षे लागली. त्या मधल्या काळात खूण सापडणे म्हणजे बहुतेकांसाठी फक्त नशिबात काय आहे ते कळणे.

आज स्त्रियांच्या अनेक आजारांत चित्र उलटे आहे. खूण ठाऊक आहे, उपायही ठाऊक आहे, आणि तरीही बायका मरतात. कारण खुणेपासून उपायापर्यंतची वाट मध्येच तुटते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. खुणा शोधणे हाच माझा रोजचा धंदा. म्हणून आज एकच गोष्ट जीव तोडून सांगायला उभा आहे. रिपोर्टवरच्या आकड्याला स्वतःची अशी किंमत नसते. त्या आकड्यानंतर त्या बाईसाठी काय केले जाते, त्यावर त्याची किंमत ठरते.

'जैविक खूण', म्हणजे ज्याला आम्ही बायोमार्कर म्हणतो, ते काही महागड्या यंत्रातूनच निघते असे नाही. हिमोग्लोबिन ही खूण आहे. रक्तदाब, लघवीतली प्रथिने, साखर याही खुणाच. विषाणूचा अंश, गाठीच्या पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर), रक्तात उतरलेले वारेचे प्रथिन, ही त्यांचीच पुढची भावंडे. कुठल्याही खुणेला तीन प्रश्न विचारावेत: ही कोणात शोधायची? कधी शोधायची? आणि सापडली तर आपल्या हातात करण्यासारखे काय आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्या दोघांवर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

गर्भधारणा आणि कर्करोग यांच्या सीमेवर

औषधाच्या दुकानातून आणलेल्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या की घरात पेढे येतात. ती पट्टी शोधते एचसीजी नावाचे संप्रेरक. ते वार तयार करते. कधी कधी मात्र गर्भ वाढतच नाही, वारेच्या पेशी तेवढ्या अमर्याद वाढत जातात आणि पाण्याच्या फुगीर पुटकुळ्यांचा घोस तयार होतो. मराठीत त्याला द्राक्षगर्भ म्हणतात. तो काढून टाकल्यावर बहुतेक जणी बऱ्या होतात. काहींमध्ये मात्र त्या पेशी मागे राहतात, फुप्फुसापर्यंत पोचतात आणि कर्करोग होतो. त्याचे नाव कोरिओकार्सिनोमा.

१९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी या कर्करोगावर मेथोट्रेक्सेट वापरले. फुप्फुसातल्या गाठी विरघळल्या, एक्स-रे स्वच्छ झाला. सगळ्यांना वाटले, झाले काम. पण ली यांनी लघवीतले एचसीजी मोजत राहण्याचा आग्रह धरला. डोळ्यांना रोग दिसेनासा झाला होता, संप्रेरक मात्र अजून होते. ते नाहीसे होईपर्यंत त्यांनी औषध चालूच ठेवले. निरोगी दिसणाऱ्या बाईला विषारी औषध देता, असा ठपका त्यांच्यावर आला आणि त्यांची नोकरी गेली. पुढे काळाने निवाडा केला. ज्यांचे औषध खूण पुसली जाईपर्यंत चालले, त्या स्त्रिया बऱ्याच राहिल्या. केवळ औषधांनी बरा झालेला पहिला घन कर्करोग म्हणून तो आज इतिहासात नोंदला आहे.

आज कमी जोखमीच्या गटातल्या जवळजवळ सगळ्या स्त्रिया बऱ्या होतात, आणि अनेकींना पुढे मुलेही होतात. अट एकच. द्राक्षगर्भ काढल्यावर दर आठवड्याला बीटा-एचसीजी मोजायचे, ते सामान्य झाल्यावरही काही महिने मोजत राहायचे, आणि तोवर पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत. नवी गर्भधारणा राहिली तर तिचे एचसीजी कुठले आणि रोगाचे कुठले, हे कळणार नाही. आणि नेमके इथेच गळती होते. पाळी सुरू होते, बाईला बरे वाटते, 'आता कशाला रक्त द्यायचं' असे घरातलेच कोणी म्हणते. खूण इतकी नेमकी, औषध इतके गुणकारी. तरी मधल्या आठवड्यांत ती येईनाशी झाली तर दोन्हींचा उपयोग नाही.

धाराशिवच्या गावांनी जगाला काय शिकवले

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले, आणि त्याचा अभिमान व कृतज्ञता दोन्ही मनात ठेवून सांगायचे आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग, ज्याला बायका 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात, तो जवळजवळ नेहमीच एचपीव्ही विषाणूच्या दीर्घ मुक्कामातून होतो. संसर्ग पुष्कळ जणींना होतो आणि बहुतेकींचा आपोआप जातो. ज्यांच्यात तो वर्षानुवर्षे ठाण मांडतो, त्यांच्यात पेशी बदलू लागतात. त्या बदलापासून कर्करोगापर्यंत जायला साधारणपणे दहा-पंधरा वर्षे लागतात. इतकी सवड फार थोडे कर्करोग देतात.

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. चार गट पाडले: एकात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर (गर्भाशयमुखावरच्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी), तिसऱ्यात व्हीआयए आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा.

व्हीआयए म्हणजे काय, ते जवळून पाहू. गर्भाशयमुखावर पाच टक्के ॲसेटिक आम्लाचा, म्हणजे व्हिनेगरच्या ताकदीचा, बोळा लावायचा. मिनिटभर थांबायचे. निरोगी त्वचा गुलाबीच राहते. पेशी बदलल्या असतील तिथे काठ स्पष्ट असलेला दाट पांढरा डाग उमटतो. ना प्रयोगशाळा लागते, ना वीज. चांगला उजेड आणि तयार झालेली नजर पुरते. एचपीव्ही चाचणीत छोट्या ब्रशने नमुना घेऊन विषाणूचा डीएनए शोधतात. तिथे नजरेच्या अंदाजाचा प्रश्नच येत नाही.

२००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढच्या आठ वर्षांत पसरलेल्या कर्करोगांचे आणि मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने गेल्या; तपासणी न झालेल्या ३१,४८८ पैकी ६४. पॅप किंवा व्हीआयए 'निर्दोष' आलेल्या स्त्रियांमध्ये पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण एचपीव्ही 'निर्दोष' आलेल्यांपेक्षा चौपटीहून जास्त होते.

एचपीव्ही चाचणी यशस्वी का झाली? खूण चांगली होती हे खरेच. पण तेवढ्याने जीव वाचले नसते. ज्यांच्या चाचणीत दोष आढळला त्यांना बोलावून कॉल्पोस्कोपी (दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची पाहणी) केली, गरज असेल तिथे तुकडा तपासला, बदललेला भाग गोठवून किंवा विजेच्या तारेने काढून टाकला, कर्करोग असेल त्यांच्यावर पुढचे उपचार केले. खुणेमागे माणसे उभी होती.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. चौथ्या गटातल्या स्त्रियांची तपासणी झाली नव्हती, आणि हे नैतिकदृष्ट्या कितपत रास्त होते यावर पुढे कठोर वाद झाला. तेव्हा देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, असे संशोधकांचे म्हणणे. व्हीआयएचा पर्याय माहीत असताना काही जणींना वगळायला नको होते, असे टीकाकारांचे. वाद महत्त्वाचा आहे. पण तो कोणत्याही बाजूने सुटला तरी एक कर्ज उरतेच. त्या ६४ जणींच्या मृत्यूतून आपल्याला ज्ञान मिळाले आहे. ते कपाटात ठेवून देण्याचा हक्क आपल्याला नाही.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून असाच मोठा अभ्यास केला. सुमारे दीड लाख स्त्रिया, दर दोन वर्षांनी व्हीआयए. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर किमान दहावी शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक आरोग्यसेविका होत्या. मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. कोपरसारख्या ठिकाणी हे जमणार नाही, असे आता कोणी म्हणू नये.

लशीची कथाही इथलीच. २००९ साली भारतातल्या मुलींवर एचपीव्ही लशीचे दोन डोस की तीन, हे पाहणारा अभ्यास सुरू झाला. बार्शी आणि पुणे ही त्यातली केंद्रे होती. २०१० मध्ये, दुसऱ्याच एका प्रकल्पावरून उठलेल्या वादामुळे सरकारने लसीकरण थांबवले आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी कळले की मुख्य दोन प्रकारच्या विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा मानला, त्यामागे याही मुलींचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली.

आणि तरी? २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात १,२७,५२६ स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि ७९,९०६ जणी दगावल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी या कर्करोगाची तपासणी कधी तरी झालेल्या होत्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. धाराशिवच्या गावांनी जगाला शिकवले, आणि आपणच शिकायचे राहिलो.

प्रत्येक 'कॅन्सर मार्कर' उपयोगाचा नसतो

आता उलट बाजू. सोसायट्यांच्या सूचनाफलकावर महिला दिनाच्या सुमारास 'लेडीज हेल्थ पॅकेज'ची पत्रके लागतात. पन्नास-साठ चाचण्या, आणि त्यांत ठळक अक्षरांत 'कॅन्सर मार्कर'. बहुधा तो असतो सीए-१२५.

हे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली तयार केले. अंडाशयाच्या कर्करोगाच्या उपचारात त्याचे स्थान मोठे आहे. केमोथेरपी लागू पडते आहे का, रोग परततो आहे का, हे त्यावरून कळते. पाळी गेलेल्या स्त्रीच्या पोटात गाठ आढळली तर ती कसली असावी हे ठरवायलाही मदत होते. पण निरोगी बाईत तो मोजला तर? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हा प्रश्न वर्षानुवर्षे तपासला गेला. २०२१ साली उत्तर आले: दरवर्षी सीए-१२५ मोजून कर्करोग थोडा लवकर सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत.

धाराशिवशी याची तुलना करून पाहा. तिथल्या खुणेने मृत्यू निम्मे झाले. ही खूण रोग लवकर दाखवते आणि तरी जीव वाचवत नाही. 'लवकर कळले म्हणजे वाचलो' हे सर्वत्र खरे नाही. शिवाय सीए-१२५ पाळीच्या दिवसांत वाढतो, गरोदरपणात वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो, आणि आपल्याकडे विसरून चालणार नाही असे कारण म्हणजे पोटाचा क्षय, त्यातही तो भरमसाट वाढतो. पोटात पाणी, वजन घटलेले, सीए-१२५ शेकड्यांत. घरच्यांनी कर्करोग समजून हाय खाल्लेली, आणि तुकड्याच्या तपासणीत निघतो क्षय, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा. म्हणून तुकडा तपासल्याशिवाय नुसत्या आकड्यावर निदान ठरवू देऊ नका.

ज्यांच्या आईला, बहिणीला किंवा मावशी-आत्याला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी बीआरसीए जनुकांच्या चाचणीबद्दल तज्ज्ञाशी बोलावे. तिथे तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आहे: स्तनांची लवकर आणि बारकाईने तपासणी, आणि मुले झाल्यावर योग्य वयात अंडाशय व नलिका काढणे.

बरणीतला तुकडा

स्तनाच्या कर्करोगाबद्दल बोलताना मी तुम्हाला ऑपरेशन थिएटर आणि प्रयोगशाळा यांच्या मधल्या टेबलापाशी नेतो, कारण तिथे काय होते हे सहसा कोणी सांगत नाही.

गाठ काढली की ती फॉर्मॅलिनच्या बरणीत पडायला हवी, तासाभराच्या आत. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट असावे, आणि मोठी गाठ असेल तर तिला काप द्यावेत, म्हणजे ते आतपर्यंत मुरेल. पुढे प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यातून तिचे तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे काढतात आणि त्यांवर प्रतिपिंड सोडतात. पेशींची केंद्रके तपकिरी झाली तर इस्ट्रोजेनचा ग्राहक आहे, म्हणजे 'ईआर पॉझिटिव्ह'; प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक तो 'पीआर'. पेशीच्या कडेने गडद तपकिरी रिंगण उमटले तर हर-२. या दोन-तीन खुणांवर पुढची पाच-दहा वर्षे ठरतात. ईआर असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी. पाच वर्षे नेमाने घेतली तर मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. हर-२ असेल तर ट्रास्टुझुमॅब. तिन्हींपैकी काहीच नसेल तर ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे उपचाराची वाट वेगळी.

आता समजा शनिवारी दुपारी गाठ निघाली, बरणी लहान, फॉर्मॅलिन जेमतेम, आणि ती सोमवारपर्यंत तशीच खिडकीत राहिली. गाठीच्या मधल्या भागातली प्रथिने कुजतात. रंग चढत नाही. रिपोर्टवर 'निगेटिव्ह' येते, आणि जिला स्वस्तातली एक गोळी वाचवू शकली असती तिला ती कधीच मिळत नाही. तिला ते कळतही नाही. म्हणून नातेवाइकांनो, शस्त्रक्रियेनंतर विचारा: तुकडा केव्हा, कशात आणि कुठे पाठवला? ईआर, पीआर, हर-२ करणार आहात ना? हा प्रश्न विचारणे उद्धटपणा नव्हे. आणि मेणाचा ठोकळा ही रुग्णाची मालमत्ता समजून त्याची पावती जपून ठेवा. टाटामध्ये किंवा दुसरीकडे मत घ्यायचे झाले तर तोच लागतो.

वारेतून येणारा इशारा

आता गरोदरपणाकडे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर आणि लघवीत प्रथिने किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तकणिका यांवर परिणाम, हा प्री-एक्लॅम्प्सिया. तो वाढला तर आकडी येते, आई आणि बाळ दोघांचा जीव धोक्यात येतो. शतकानुशतके हे का होते ते कळत नव्हते. २००३ साली भारतात वाढलेले, बॉस्टनमध्ये काम करणारे डॉ. अनंत करुमांची यांनी दाखवले की अडचणीत आलेली वार एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन रक्तात जास्त सोडते. ते रक्तवाहिन्यांना जपणाऱ्या पीएलजीएफला बांधून टाकते. म्हणून आईचा रक्तदाब चढतो.

या दोन प्रथिनांच्या गुणोत्तराची चाचणी आता निघाली आहे. प्री-एक्लॅम्प्सियाची शंका असलेल्या स्त्रीत ते ३८ किंवा कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात हा आजार होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी, असे २०१६ च्या अभ्यासात दिसले. म्हणजे तिचे मुख्य काम धीर देण्याचे आहे: कोणाला दाखल करायचे आणि कोणाला निर्धास्तपणे घरी पाठवायचे, ते सांगण्याचे. उपयोगी चाचणी आहे. पण ती परवडली नाही म्हणून आपल्या भागातल्या कुठल्याही स्त्रीचा जीव जायचे कारण नाही. रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीची पट्टी प्रत्येक दवाखान्यात आहे. पाच मिनिटे बसवून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजलेला रक्तदाब, हीच अजूनही सर्वांत जास्त जीव वाचवणारी खूण. जोखीम असलेल्या स्त्रीला बाराव्या आठवड्याच्या सुमारास ॲस्पिरिन सुरू केले तर मुदतीआधी होणारा हा आजार बराच टळतो. २०१७ च्या मोठ्या चाचणीत त्याचे प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले. आणि आजार बळावला तर मॅग्नेशियम सल्फेट. २००२ साली ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार स्त्रियांवर झालेल्या 'मॅगपाय' चाचणीत या स्वस्त औषधाने आकडीचा धोका निम्म्याहून कमी केला.

इथे आपल्या रीतीभातीतली एक अडचण सांगतो. कोपर-डोंबिवलीतली पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी जाते; कोणी रत्नागिरीकडे, कोणी साताऱ्याला, कोणी खानदेशात. जाताना साड्या, ओटीचे सामान सगळे जाते. फाइल मात्र पुष्कळदा इथेच राहते. नव्या डॉक्टरांसमोर ती येते तेव्हा रक्तदाब १३०/८५ दिसतो आणि ठीक वाटतो. पण तिसऱ्या महिन्यात तो १००/६० होता, हे त्यांना कोण सांगणार? खूण एका आकड्यात नसते, आकड्यांच्या चढणीत असते. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड आणि फाइल बॅगेत सगळ्यात वर ठेवा, आणि प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

साखरेचेही तसेच. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी सोपी पद्धत घालून दिली: ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला द्यायचे, उपाशी असण्याची अट नाही, दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त असेल तर गरोदरपणातला मधुमेह. लोकलने धक्के खात येणाऱ्या बाईला पुन्हा उपाशीपोटी बोलवायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासातून तर आणखी पुढचे दिसले. आईच्या रक्तातले बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहा वर्षांनी मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. आईच्या शरीरातली खूण मुलाच्या निकालात उतरते.

आणि तिच्या स्वतःच्याही. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पटींनी जास्त असतो. प्री-एक्लॅम्प्सिया झालेलीला पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट. पण बारसे झाले की सगळ्यांचे लक्ष पाळण्याकडे, आणि आईची फाइल माळ्यावर. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर आणि रक्तदाब, मग दरवर्षी, हे लसीकरणाच्या तारखांइतकेच पक्के झाले पाहिजे.

आपल्या भागात काय करता येईल

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी तीन आकडे दिले आहेत: पंधराव्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलींना एचपीव्ही लस, ३५ आणि ४५ व्या वर्षी ७० टक्के स्त्रियांची दर्जेदार तपासणी, आणि दोष आढळलेल्यांपैकी ९० टक्के जणींवर उपचार. लोक पहिल्या दोन आकड्यांवर भाषणे करतात. मला तिसरा सर्वांत मोलाचा वाटतो.

कोपरच्या बाईची वाट मला ठाऊक आहे. इथे फक्त स्लो लोकल थांबते. सकाळी डबे, मुलांची शाळा, पाण्याची वेळ. त्यातून परळला टाटात जायचे तर रोजगाराचा दिवस बुडतो. म्हणून 'अंगावरून जातंय' हे ती महिनोन्महिने अंगावर काढते. शिबिरात तपासणी होते, रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार म्हणतात आणि तो घ्यायला कोणी जात नाही. ही वाट छोटी करणे आपल्या हातात आहे.

पहिली गोष्ट, शिबिर भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाने आधी ठरवावे की दोष निघालेल्या स्त्रीला कुठे पाठवायचे, सोबत कोण जाईल, आणि तिचा फोन नंबर कोणाच्या वहीत राहील. हे ठरले नसेल तर शिबिर भरवू नये. दुसरी, शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाई या महापालिकेच्या रुग्णालयांतल्या तपासणीच्या सोयींची माहिती प्रत्येक चाळीत, प्रत्येक इमारतीत पोचवावी, आणि एचपीव्ही चाचणीची मागणी नागरिक म्हणून लावून धरावी. तिसरी, दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात होणाऱ्या तपासणीला गरोदर सून-मुलीसोबत घरातल्या पुरुषाने जावे; रक्तदाबाचा आकडा त्यालाही पाठ असावा. चौथी, पॅकेजवर खर्च करायचे पैसे मुलीच्या लशीकडे आणि आईच्या एचपीव्ही चाचणीकडे वळवावेत. आणि पाचवी, आपल्या आशाताईंना मान आणि वेळ द्यावा. त्या दारात येतात तेव्हा तो एका खुणेचा आणि एका उपचाराचा दुवा तुमच्या दारात आलेला असतो.

पुढच्या वर्षी इथे आरोग्याचा अहवाल वाचला जाईल, तेव्हा किती शिबिरे झाली आणि किती जणींची तपासणी झाली, एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. हात वर करून विचारा: किती जणींच्या तपासणीत दोष निघाला, आणि त्यांतल्या किती जणींचा उपचार पुरा झाला? दोन्ही आकडे सारखे येईपर्यंत हा प्रश्न दरवर्षी विचारत राहा.